दोन घरची गोळी

मातीला आलेली माणसं आपापल्या घरी गेली, गल्लीतला मांडव उतरला, आणि दुसऱ्याच सकाळी इनशिराह पांढरा कोट घालून कामावर निघाली. सासूनं तिला जिन्यातच गाठलं.

"कुठं चाललीस? नवऱ्याची माती अजून वाळली नाही!"

"कामावर."

"हिचं काळीज त्या औषधांच्या फ्रीजमध्येच ठेवलेलं दिसतंय," सासू शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. इनशिराहनं ते ऐकलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती जिना उतरली आणि ट्रामची वाट बघत उभी राहिली.

अलेक्झांड्रियातल्या एका सरकारी इस्पितळात ती आयसीयूची फार्मासिस्ट होती. फार्मासिस्ट म्हणजे खिडकीमागं बसून गोळ्या मोजून देणारी, असं लोकांना वाटतं. इनशिराहचं काम मात्र खाटांच्या मधे चाले. सकाळी डॉक्टर मुहीबची फेरी निघाली की ती त्यांच्या डाव्या हाताला असायची. कुणाची लघवी कमी झाली, म्हणजे मूत्रपिंड थकलं, म्हणजे त्याचं अँटिबायोटिक कमी करायला हवं. कुणी गुंगीच्या औषधावर फार दिवस निजलाय, त्याला आता हळूहळू वर आणायला हवं. एकाच नळीतून कुठली दोन औषधं सोडली तर आत दही लागल्यासारख्या गुठळ्या होतील, हेही तीच सांगायची. मुहीब साहेब तोंडाचे फटकळ, पण तिचं ऐकत. तीही त्यांचं ऐकायची. वर्षानुवर्षं बैलजोडीसारखी त्यांना एकमेकांच्या चालीची सवय झाली होती.

तिचा नवरा नबीह शाळेत भूगोल शिकवायचा. थंडीच्या सुरुवातीला त्याच्या छातीत कफ झाला, कफाचा न्यूमोनिया झाला, आणि त्याला याच आयसीयूत, खिडकीजवळच्या खाटेवर आणलं. "तू या खाटेपासून लांब राहा, आम्ही बघतो," असं मुहीब साहेब तिला म्हणाले होते. ती लांब राहिली नाही. त्याची औषधं तिनंच ठरवली, तिनंच तपासली. रक्तदाब टिकवायच्या औषधाचा वेग रोज वाढत गेला, आणि घरच्यांना कुणी काही सांगायच्या आधीच त्या वाढत्या आकड्यावरून ती समजून चुकली की हा आता घरी येत नाही. त्यानंतर जे आत बंद झालं ते उघडलंच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. सगळे म्हणायचे, काय खंबीर बाई आहे. त्यांना समजावत बसायचं तिच्यात त्राण नव्हतं.

अशात एका वादळी दिवशी हाज मितवल्लीला आणलं. समुद्राचं पाणी पार रस्त्यावर येत होतं. मितवल्ली म्हणजे जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, हज करून आलेला, सत्तरीच्या आसपासचा धिप्पाड म्हातारा. नाडी इतकी मंद की नर्स दिमयाना मनगट धरून म्हणाली, "हे घड्याळ चालतंय की बंद पडलंय?" आठवडाभर उलट्या, अन्नावर वासना नाही, आणि आता बडबड. तो सारखा म्हणत होता, "दिवे पिवळे का लावलेत? पुढचा सिग्नल दिसत नाही."

मुहीब साहेबांनी त्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत तार घातली आणि यंत्रानं ठोके चालू ठेवले. "झटका असेल, नाहीतर हृदयाच्या आतल्या तारा झिजल्यात," ते म्हणाले. "मूत्रपिंडंही बसलीत."

"घरी काय घेतात ते बघते," इनशिराह म्हणाली. हे ती प्रत्येक नव्या रोग्याच्या बाबतीत करायची. अर्धं दुखणं इस्पितळात कळतं आणि अर्धं घरच्या पिशवीत असतं, असा तिचा अनुभव होता.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. हाज्जा बहीगा. ठेंगणी, काळ्या झग्यातली, हातात जपमाळ. इनशिराहनं विचारताच तिनं मांडीवरची प्लास्टिकची पिशवी पुढं केली. जणू कुणीतरी विचारेल म्हणून ती घेऊनच बसली होती.

"घे पोरी. ही लघवी होण्याची, ही साखरेची, आणि ही हृदयाची. हृदयाची सकाळी एक, पावट्याच्या उसळीची न्याहारी झाल्यावर."

हृदयाची गोळी होती डिगॉक्सिन. जुनं औषध, गुणी, पण विंचवासारखं. हातात नीट धरलं तर ठीक, जरा जास्त झालं की डंख. नाडी मंदावते, पोट ढवळतं, माणूस भ्रमतो, आणि डोळ्यांना सगळं पिवळं दिसायला लागतं.

"ते स्वतः घेतात का, हाज्जा?"

"तो? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. मी देते. घोट घोट पाणी पाजून, तोंड उघडून बघते. पाकीट माझ्या उशीखाली असतं."

इनशिराहनं मुहीब साहेबांना सांगितलं. रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं, कारण ही तपासणी इस्पितळात होत नव्हती. दोन दिवसांनी उत्तर आलं, आणि दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिले. मूत्रपिंड थकलं की औषध अंगात साचतं, हे खरं. पण दिवसाला एका गोळीनं एवढं साचत नाही.

"म्हातारी विसरून दोनदा देत असेल," मुहीब साहेब म्हणाले.

"ही बाई विसरणारी नाही. आणि पाकिटात जेवढ्या गोळ्या उरायला हव्यात तेवढ्या उरल्यात."

"मग काय, ट्रामच्या तिकिटाबरोबर फुकट मिळाली?"

त्याचं उत्तर दुपारी मिळालं. हाज्जा बहीगा नमाजाला आणि जेवायला घरी गेली की भेटीच्या वेळेत एक दुसरी बाई यायची. पन्नाशीच्या आतली, राखाडी रुमाल बांधलेली, बोटांना शिलाईच्या सुईचे टोचे. ती काचेबाहेर उभी राहायची, आत येऊ का म्हणून विचारायची नाही. दिमयानानं नाव विचारलं तर म्हणाली, "तहिया. मी बहीण त्यांची."

"बहीण म्हणे!" दिमयाना इनशिराहच्या कानाशी लागली. "डॉक्टरबाई, मला चार भाऊ आहेत. त्यांच्याकडे मी असं बघितलं असतं तर आमच्या पाद्रीबाबांनी मला गावाबाहेर काढलं असतं."

इनशिराहला हसू आलं नाही. ती बाहेर गेली, त्या बाईला जिन्याखालच्या कोपऱ्यात घेऊन गेली आणि सरळ विचारलं, "हाज मितवल्ली तुमच्याकडे येतात तेव्हा काही औषध घेतात का?"

बाईचा चेहरा पांढरा पडला. आपण बहीण आहोत हे सांगायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही. तिनं पर्स उघडली. आत सुती रुमालात गुंडाळलेलं पाकीट होतं. तेच डिगॉक्सिन.

"दुपारी देते," ती म्हणाली. "जेवण झालं की. मागच्या वर्षी माझ्याच घरी त्यांच्या छातीत धडधड झाली, डॉक्टरबाई. मी एकटी, रस्त्यावर धावले, रिक्षा मिळेना. तिथल्या डॉक्टरनं ही गोळी लिहून दिली. म्हणाला, एकही दिवस चुकवू नका. मी एकही चुकवली नाही. ते आले की आधी जेवण, मग गोळी. गिळल्याशिवाय मी ताट उचलत नव्हते."

"रोज यायचे?"

"रोज. कर्मूझला, माझ्या शिवणाच्या दुकानाच्या मागं खोली आहे. शेखसमोर लग्न केलंय आम्ही, दोन साक्षीदार होते," ती घाईनं म्हणाली, जणू इनशिराहनं काही आरोप केला होता. मग हळूच, "त्यांच्या घरी कळलं का?"

"तुमच्या आधीच त्यांना घरी गोळी मिळत होती. सकाळी."

तहियाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तशी ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. इनशिराह उभीच राहिली. या बाईच्या खांद्यावर हात ठेवावा, हे तिला कळत होतं. हात कोटाच्या खिशात होता, तो तिथेच राहिला.

मुहीब साहेबांनी ऐकलं आणि टाळूला जीभ लावून आवाज काढला. "दोन बायका, फजिती ऐका! दोघींनी मिळून सेवा केली आणि गडी मरता मरता राहिला." मग इनशिराहच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी थट्टा आवरली. "उतारा?"

"आपल्याकडे नाही. मी तीन ठिकाणी फोन केले."

"मग वाट बघू. तार आहेच आत."

वाट बघणं हेही इनशिराहचंच काम होतं. औषध द्यायचं नव्हतं, अंगातलं औषध निघून जाऊ द्यायचं होतं. तिनं त्याच्या सलाइनमधलं पोटॅशियम बंद करायला लावलं. उलटी थांबवायला आदल्या रात्रपाळीनं लिहिलेलं औषध नाडीला आणखी धोक्यात घालणारं होतं, ते बदललं. मूत्रपिंडावर ओझं टाकणारी दोन औषधं काढली. जे काढता येईल ते काढलं. मग रोज सकाळी त्याच्या खाटेजवळ उभी राहून ती यंत्राचा ठोका कुठला आणि त्याचा स्वतःचा कुठला ते बघायची.

प्रश्न होता हाज्जा बहीगाचा. तिला काय सांगायचं? न सांगावं, तर उद्या म्हातारा घरी गेला की पुन्हा हेच. सांगावं, तर रोग्याचं गुपित फोडल्याचं पाप. "मूत्रपिंडावर ढकल," मुहीब साहेबांनी सल्ला दिला. "अर्धं खरंच आहे."

म्हणून इनशिराह तिच्याजवळ बाकावर बसली आणि म्हणाली, "हाज्जा, त्यांच्या अंगात ती हृदयाची गोळी साचली. मूत्रपिंडं कमकुवत झाली की असं होतं."

बहीगानं जपमाळेचा मणी पुढं सरकवला. "ती कर्मूझवाली येते ना इथं? मी गेले की?"

इनशिराह तोंड उघडणार एवढ्यात म्हातारीनं हात वर केला.

"तू नको बोलूस. तुझी नोकरी आहे." बहीगाचा आवाज बाजारात भाजीचा भाव सांगावा तसा सपाट होता. "मला कधीचं माहीत आहे. त्याच्या सदऱ्याच्या कॉलरी उलटून शिवलेल्या यायच्या. बटणं घट्ट. माझे हात सांध्यांनी गेलेत, मी किती वर्षं सुई धरली नाही. मग कोण शिवतं? ट्रामचा डेपो?"

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारून काय करायचं होतं? पहिल्या वर्षी रडले. दुसऱ्या वर्षी त्याच्या ताटात मीठ जास्त घातलं. मग सगळं बोथट झालं. दुपारी तो बाहेर गेला की मी झोपायची. बरं झोप लागायची." तिनं मान वळवली. "तिनंही दिली ना गोळी?"

इनशिराहला खोटं बोलता आलं असतं. "दोघींनी दिली," ती म्हणाली. "दोघींनी डॉक्टरनं सांगितली तशीच दिली."

बहीगानं जपमाळ मनगटाला गुंडाळली. मग म्हणाली, "आणि हा गाढव दोन्हीकडे तोंड उघडून बसला! एकदा सांगता येत नव्हतं, की बाई, आज घेतलीय?"

"सांगितलं असतं तर दुसरीचं नाव घ्यावं लागलं असतं."

"म्हणून मरायला निघाला." म्हातारी इनशिराहकडे वळली. "म्हणजे मीही त्याला विष दिलं. रोज. न्याहारीनंतर."

अशा वेळी काय बोलायचं हे इनशिराहला पाठ होतं. तुमचा दोष नाही, अल्लाची मर्जी, वगैरे. ती म्हणाली वेगळंच. "माझा नवरा इथंच गेला, हाज्जा. आत, खिडकीजवळ. मी त्याचं प्रत्येक औषध पुन्हा पुन्हा तपासलं. गेल्यानंतरही तपासलं. कुठं चूक सापडते का बघत होते. नाही सापडली. सगळं बरोबर होतं आणि तरी तो गेला."

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कैरोत राहणाऱ्या मुलाला नाही, सासूला नाही. सांगतानाही आवाज तिचा नव्हता, फेरीत दुसऱ्या कुणाची केस सांगावी तसा होता.

बहीगानं तिच्याकडे नीट बघितलं. "चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं?"

"माहीत नाही. धरायला काहीतरी असतं."

"मग घे, माझी धर," म्हातारी म्हणाली आणि आपला सांधे सुजलेला हात तिच्या मांडीवर ठेवला. तो हात जड होता, एवढंच इनशिराहला जाणवलं.

मितवल्ली वाचला. अंगातलं औषध जसं उतरत गेलं तसा त्याचा स्वतःचा ठोका यंत्राला मागं टाकायला लागला. एका सकाळी मुहीब साहेबांनी यंत्र बंद करून बघितलं, आणि तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "दिवे बदलले वाटतं. पांढरे झाले." तार काढली. दुसऱ्या दिवशी त्यानं दिमयानाकडे तळलेली वांगी मागितली.

तो शुद्धीवर आल्यावर इनशिराहनं त्याला खाटेचा पडदा ओढून सगळं सांगितलं. ट्रामसमोर अचानक माणूस आल्यासारखे त्याचे डोळे विस्फारले.

"दोघींना माहीत झालं?"

"हाज्जांना आधीपासून माहीत होतं."

"आधीपासून?" त्यानं उशीवर डोकं टाकलं. "मग मी इतकी वर्षं कशाला एवढा फेरा मारून घरी यायचो!"

इनशिराह आणि मुहीब साहेबांनी ती गोळी कायमची बंद केली आणि दुसरी दिली. तीही रोजची एकच. घरी सोडायच्या आधी इनशिराह औषधं समजावून सांगायला बसली तेव्हा हाज्जा बहीगानं स्पष्ट बजावलं, "तिलाही सांग. पण माझ्यासमोर नको. औषध माझ्याकडेच राहील. तिकडं जाऊ दे, जेवू दे, गोळी नको. पाणी दे म्हणावं नुसतं." म्हणून इनशिराहनं तेच सगळं दोनदा सांगितलं. एकदा बाकावर आणि एकदा जिन्याखाली. तहियानं रुमालातलं पाकीट तिच्या हातात दिलं, "हे घरात नको मला," म्हणाली. जाताना तिनं विचारलं, "हाज्जांनी काही शिव्या दिल्या का मला?" इनशिराह म्हणाली, नाही. तेव्हा मात्र तहिया रडली.

खाली गाडीत म्हाताऱ्याला बसवताना दिमयाना खिडकीतून बघत होती. "मोठी बायको पुढं बसली," ती म्हणाली. "धाकटी कोपऱ्यावर उभी आहे. आता म्हातारा वळून बघतोय. नको रे बाबा, मान आखडेल!" मग ती इनशिराहकडे वळली. "डॉक्टरबाई, तुम्ही एक माणूस वाचवलात. जरा तरी आनंद दाखवा."

"छान झालं," इनशिराह म्हणाली. खरंच छान झालं होतं. ते तिला कळत होतं, काचेपलीकडचा पाऊस कळावा तसं. त्याच खाटेवर तासाभरात दुसरा रोगी आला. तिनं घरची पिशवी मागितली.

पुढं थंडी सरली. मितवल्ली तपासणीला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा बहीगाबरोबर, आणि दोन्ही वेळा त्याच्या सदऱ्याच्या कॉलरी ताठ होत्या. सासू आता जिन्यात काही बोलत नव्हती. मुलगा कैरोहून शुक्रवारी फोन करायचा, जेवलीस का विचारायचा. इनशिराह जेवली म्हणून सांगायची. पुष्कळदा ते खरं नसायचं.

वसंतात एका सुट्टीच्या सकाळी ती मासळीबाजारात गेली होती. बूरी मासा घ्यायचा होता, नबीहला आवडायचा म्हणून नव्हे, स्वस्त होता म्हणून. मासेवाला गिऱ्हाइकांशी बोलता बोलता तराजूत टाकत होता. तिनं कल्ले उचलून बघितले. तपकिरी.

"हा शिळा आहे."

"शिळा? बाई, हा अजून कलमा म्हणतोय!"

लोक हसले. आणि इनशिराहच्या तोंडून शब्द निघाले ते तिला स्वतःलाच ओळखू येईनात. ती ओरडली. तुझ्या घरात आजारी माणूस नाही का, तुला लाज नाही का, लोक हे पोराबाळांना खाऊ घालतात, तुला काय, तू पैसे घेऊन मोकळा. आवाज बाजाराच्या पत्र्यावर आदळून परत येत होता. शेजारच्या मासेवालीनं, "अगं बाई, शांत हो, हा मेला आहेच असा," म्हणून तिचा दंड धरला, तर इनशिराह तिच्यावरही ओरडली. तिची कानशिलं तापली होती. मासेवाला घाबरून बर्फाखालून ताजा बूरी काढू लागला, चांगला चमकदार, आणि हात जोडून म्हणाला, "घ्या डॉक्टरबाई, जास्तीचा पण घ्या, पण आरडू नका." इस्पितळात तिला डॉक्टरबाई म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

ती ताजा बूरी घेऊन घरी आली. तिनं मासा साफ केला, त्याला जिरं-लसूण लावलं, तव्यावर टाकला. घरभर धूर झाला. सासू खोकत स्वयंपाकघरात आली, तव्याकडे आणि मग सुनेच्या लाल चेहऱ्याकडे बघत राहिली.

"कुणाशी भांडलीस?"

"मासेवाल्याशी."

"बरं केलंस," सासू म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "मलाही वाढ."

दोघींनी पोटभर खाल्लं. मीठ थोडं जास्त पडलं होतं. इनशिराहच्या जिभेला ते लागलं, आणि तिनं उठून पाण्याचा तांब्या आणला.